सेवेला किती गुण?



गेल्या महिन्यात शैक्षणिक मदतीच्या अर्जांची छाननी करण्यासाठी आम्ही पाचजण बसलो होतो. मदत चौघांना देता येणार होती आणि अर्ज अकरा आले होते. म्हणून आम्ही कागदावर तीन रकाने आखले: परीक्षेतील गुण, घरची परिस्थिती आणि सेवाकार्य. कुणी गायनवृंदात गाणारे, कुणी लहान मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारे, कुणी रक्तदान शिबिरात राबणारे. त्या सर्वांना तिसऱ्या रकान्यात गुण मिळाले. एका मुलीने मात्र त्या जागी नुसती आडवी रेघ मारली होती. आम्ही शून्य लिहिले आणि पुढचा अर्ज हाती घेतला.

चहाच्या वेळी आमच्यातल्याच एका भगिनीने सांगितले की, ही मुलगी तीन वर्षे अंथरुणाला खिळलेल्या आजीचे सगळे करते. पहाटे उठून आजीचे अंग पुसते, तिची कूस बदलते, तिला पेज भरवते आणि मगच कॉलेजसाठी लोकल पकडते. मग तिने हे अर्जात का लिहिले नाही? कारण तिच्या लेखी ते सेवाकार्य नव्हतेच, ते घरचे काम होते. (ही हकिकत तिच्या परवानगीने आणि नाव न देता आम्ही लिहीत आहोत.)

त्या शून्याने आम्हांला बेचैन केले. माणसाची सेवा गुणांत मोजता येते का? येत नसेल, तर निवड तरी कशी करायची? हा प्रश्न काही आमच्यापुरताच नाही. शिष्यवृत्ती आणि सेवा या दोन गोष्टींची जोड स्पर्धेला देऊ पाहणाऱ्या अमेरिकेतील एका संस्थेला तो अनेक वर्षे छळत आला आहे. ती स्पर्धा म्हणजे 'मिस अमेरिका'. आपण तिला केवळ सौंदर्यस्पर्धा म्हणून ओळखतो. पण तिचा इतिहास आपल्यालाही बरेच शिकवून जातो.

ही स्पर्धा १९२१ साली अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या शहरात सुरू झाली. उन्हाळा संपला तरी पर्यटकांनी आणखी काही दिवस मुक्काम करावा, हा तेथील व्यापाऱ्यांचा हेतू होता. तेव्हा पाहायचे होते ते रूपच. १९४५ पासून विजेतीला शिष्यवृत्ती मिळू लागली. त्या वर्षीची ५,००० डॉलरची शिष्यवृत्ती न्यूयॉर्कच्या बेस मायर्सन हिला मिळाली. ती हा मान मिळवणारी पहिली ज्यू युवती. 'नाव बदलून घे,' असे तिला सुचवण्यात आले होते. तिने ते मानले नाही. मुकुट मिळाल्यावरही तिच्या ज्यू असण्यामुळे काही प्रायोजकांनी पाठ फिरवली. परीक्षकांनी तिला पहिले ठरवले, परंतु बाजाराची मोजपट्टी निराळी होती.

आता गुणांकडे वळू. २०१८ पूर्वीच्या काही वर्षांत प्राथमिक फेरीतील गुणांची विभागणी अशी होती: कलागुणांना ३५ टक्के, बंद दाराआडच्या मुलाखतीला २५, संध्याकाळच्या पोशाखाला २०, पोहण्याच्या पोशाखातील फेरीला १५ आणि मंचावर विचारलेल्या प्रश्नाला ५ टक्के. हे आकडे नीट पाहिले तर लक्षात येते की, ती जणू आयोजकांचीच कबुली आहे. पंधरा टक्के शरीराला आणि पाच टक्के मंचावरच्या उत्तराला! मुलगी परीक्षकांसमोर येण्याआधीच कागदाने अर्धा निवाडा केलेला असतो. आम्हीही आमचे तीन रकाने आखले, तेव्हा नेमके हेच केले होते.

या विभागणीत सेवेचा स्वतंत्र रकाना कोठे आहे? नाही. सेवेचा विषय येतो तो मुख्यतः मुलाखतीत. स्पर्धक आपल्या कार्याची माहिती आधी लिहून देते आणि सुमारे दहा मिनिटे परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड देते. परीक्षक रुग्णालयात जात नाहीत, शाळेत जात नाहीत, ज्यांची सेवा झाली त्यांना भेटत नाहीत. म्हणजे गुण मिळतात ते सेवेला नव्हे, तर सेवेविषयी बोलण्याला. यात परीक्षकांचा दोष नाही. जे समोर येते तेवढेच त्यांना जोखता येते. परंतु जिला नीट बोलता येते ती पुढे जाते आणि जिने मुकाट्याने केले ती मागे राहते, ही भीती तेथे कायम असते.

अभ्यासाचे तसे नसते. अलाबामा राज्यातील मोबिल शहरात १९५८ पासून शालेय मुलींसाठी शिष्यवृत्तीचा एक कार्यक्रम चालतो. २०१० पासून त्याचे नाव 'डिस्टिंग्विश्ड यंग विमेन' आहे. तेथे अभ्यासातील प्रगती वेगळे परीक्षक कागदपत्रांवरून तपासतात. प्रगतिपुस्तक कागदावर उतरते. रुग्णाच्या उशाशी जागलेली रात्र तशी उतरत नाही.

केय लानी रे राफ्को ही मिशिगनची परिचारिका. कर्करोगाच्या आणि एड्सच्या रुग्णांची शुश्रूषा तिने केली होती. १९८७ च्या सप्टेंबरात ती 'मिस अमेरिका' झाली. कलागुणांच्या फेरीत तिने पॉलिनेशियन नृत्य केले होते. रुग्णसेवेसाठी तेथे कोणताच रकाना नव्हता. परंतु मुकुटाच्या वर्षभरात ती ठिकठिकाणी परिचारिकांविषयी आणि रुग्णांविषयी बोलत राहिली. लोकांना ते भावले. पुढे १९८९ पासून प्रत्येक स्पर्धकाने एखादा सामाजिक प्रश्न निवडून त्यावर काम करावे, असा नियमच झाला.

एकीने आपल्या पेशाच्या ओढीने जे केले, ते इतरांसाठी अट झाले. हे चांगले की वाईट? दोन्ही बाजूंनी बोलता येईल. ज्याला जेवण मिळाले, तो वाढणाऱ्याचा हेतू विचारत नाही. अटीपोटी सुरू केलेले काम पुढे आवडीचे होऊ शकते; आपली कितीतरी तरुण मुले मित्राच्या आग्रहाखातर शिबिराला गेली आणि मग तेथेच रमली. पण अटीचा मोहही असतो. जे काम सांगायला शोभेल तेच निवडावे, जे घरात कोपऱ्यात करावे लागते ते टाळावे, असे वाटू लागते. सेवेला बक्षीस ठेवणे चूक नाही. बक्षिसाच्या नजरेतून जी दिसते तेवढीच सेवा, असे मानणे चूक आहे.

मोजपट्टीच खोटी असू शकते, हेही या स्पर्धेने दाखवले. एके काळी स्पर्धक श्वेतवर्णीय असावी, असे तिच्या नियमावलीतच लिहिलेले होते. राष्ट्रीय मंचावर पहिली कृष्णवर्णीय स्पर्धक आली ती १९७० मध्ये, आणि पहिल्या कृष्णवर्णीय विजेतीसाठी, व्हेनेसा विल्यम्ससाठी, १९८३ साल उजाडावे लागले. त्या काळच्या परीक्षकांनी कदाचित अगदी प्रामाणिकपणे गुण दिले असतील. पण ज्यांना दारातूनच परत पाठवले, त्यांना कोण गुण देणार? प्रामाणिक परीक्षक आणि अन्यायी कागद हे दोन्ही एकाच टेबलावर असू शकतात.

समाधानाची गोष्ट एवढीच की, कागद बदलता येतो. २०१८ मध्ये पोहण्याच्या पोशाखाची फेरी बंद करण्यात आली. २०१९ च्या डिसेंबरात व्हर्जिनियाची कॅमिल श्रायर ही औषधनिर्माणशास्त्राची विद्यार्थिनी विजेती झाली. कलागुणांच्या फेरीत ती गायली नाही की नाचली नाही. तिने मंचावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा प्रयोग करून फेसाचे उंच कारंजे उडवून दाखवले. 'कला' या शब्दात हेही बसते, असे परीक्षकांनी मान्य केले. शब्द तोच राहिला, पाहणाऱ्यांची दृष्टी रुंद झाली.

प्रभू येशू मंदिरातील दानपेटीसमोर बसला होता, तो प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. त्यानेही तुलना केलीच. पण त्याने विधवेने काय टाकले एवढेच पाहिले नाही. तिच्यापाशी मागे काय उरले, हेही पाहिले. आपल्याला कुणाच्या अंतःकरणात डोकावता येत नाही. तरी 'हे करताना तुझ्यापाशी काय उरते?' एवढे आपण नक्कीच विचारू शकतो.

आमच्या बैठकीचे पुढे काय झाले, ते सांगायला हवे. त्या मुलीचे शून्य आम्ही खोडले. ते सोपे नव्हते. तिला गुण दिल्यावर, दोन वर्षे नेमाने लहान मुलांना शिकवणारा एक मुलगा चौथ्या क्रमांकावरून पाचव्यावर गेला. त्याने काय चूक केली होती? काहीच नाही. आमच्यापैकी दोघे त्याच्या घरी गेले आणि जे घडले ते त्याला व त्याच्या आईवडिलांना सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तिच्या आजीला मी ओळखतो." आम्हांला पुढे बोलवेना.

निवड करणे टळत नाही, कारण पैसा थोडा आणि गरजू फार. मात्र आपण गुण देतो ते कागदाला, माणसाला नव्हे, हे देणाऱ्याने विसरू नये आणि घेणाऱ्यानेही मनाला लावून घेऊ नये. पुढच्या वर्षीच्या अर्जात 'सेवाकार्य' या रकान्याखाली आम्ही एक प्रश्न वाढवला आहे: 'घरी तुमच्यावर कोण अवलंबून आहे?' तरीही काहीजण तेथे आडवी रेघच मारतील. अशा एखाद्याला आपण ओळखत असाल, तर रविवारच्या मिस्सानंतर आम्हांला जरूर येऊन सांगा.