गरिबाचा वाटा

‘आपल्यासारख्यांनी हे कार्ड काढायचं नसतं, बाबा. ते गरिबांसाठी आहे.’ आयुष्मान भारत योजनेत मोफत उपचार देणाऱ्या वय वंदना कार्डाच्या शिबिरातून वडिलांच्या दंडाला धरून त्यांना बाहेर नेणाऱ्या मुलाचं हे वाक्य आठवडाभर माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. वडील रांगेत उभे होते, कारण बसायला खुर्च्या नव्हत्या. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी भरवलेलं शिबिर, आणि खुर्च्या फक्त पाहुण्यांच्या व्यासपीठावर. याबद्दल मी याच जागी पूर्वी लिहिलं आहे आणि पुन्हा लिहीन.

पण राग आला तो त्या वाक्याचा, कारण ते ऐकायला सज्जन वाटतं. शेजारच्या दोघातिघांनी माना डोलावल्या. बोटांचे ठसे जुळत नाहीत, सर्व्हर बंद आहे, योजनेची खाट शिल्लक नाही, या सबबी आपल्या ओळखीच्या आहेत. त्यांच्याबद्दल निदान भांडता येतं, १४५५५ या हेल्पलाइनवर तक्रार करता येते. गरिबाला पुढे करून दिलेल्या सबबीला मात्र कुणी जाब विचारत नाही.

आई-वडील ज्येष्ठ असतील तर त्यांच्या विम्याच्या हप्त्यावर जुन्या करपद्धतीत ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. ती घेताना गरीब आठवल्याचं मी एकाही घरात ऐकलेलं नाही. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये रद्द झाला. तो पैसा सरकारी दवाखान्यांसाठी राहू द्या, असं कुणी म्हणालं नाही. पंचाहत्तरी पूर्ण झाली की आपल्या राज्यात एसटीचा प्रवास मोफत होतो. तो आपण घेतो, आणि घ्यावाच. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत २०२० मध्ये बंद झाली तेव्हा सर्वांत मोठा आवाज आपल्याच घरांतून उठला होता. सरकारी तिजोरीतला पैसा वजावट होऊन आला तर तो हक्क, आणि कार्डावर आला तर गरिबाच्या तोंडचा घास, हा हिशेब कुठल्या नीतीत बसतो?

मला यामागे लाज दिसते. वजावट घरात बसून मिळते, कुणाला कळत नाही. कार्ड घेऊन मात्र रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलासमोर चारचौघांत उभं राहावं लागतं. तिथे शेजारी शेतमजूर असतो, घरकामाला जाणारी बाई असते, आणि त्यांच्या रांगेत आपला बाप दिसावा हे मुलाला सहन होत नाही. लाज मुलाची, आणि तिची किंमत मोजायची बापाने.

शिवाय वाक्य मुळात खोटं आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये सत्तरीपुढच्या सर्वांना हे कार्ड देण्याचा निर्णय घेतला आणि २९ ऑक्टोबरला, धनत्रयोदशीच्या दिवशी, कार्डं द्यायला सुरुवात झाली. तेव्हापासून या कार्डाला उत्पन्नाची अट नाही. वयाची सत्तर वर्षं पूर्ण आणि हातात आधार, एवढंच पुरतं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे दाखल होऊन घ्यायचे उपचार त्यात येतात. जी गरीब कुटुंबं आधीपासून आयुष्मान भारतमध्ये आहेत, त्यांच्या घरातल्या सत्तरीपुढच्यांना वेगळे पाच लाख मिळतात आणि त्यात घरातल्या इतरांचा वाटा नसतो. म्हणजे तुमच्या बाबांच्या कार्डामुळे कुणा गरिबाच्या पाच लाखांतला रुपयाही कमी होत नाही. खासगी पॉलिसी असली तरी कार्ड निघतं. सीजीएचएस किंवा ईसीएचएस या सरकारी आरोग्य योजनांत असलेल्यांना दोन्हींतलं एक निवडावं लागतं, इतकंच. आणि सत्तरी दूर असलेल्यांसाठी आपल्याकडे महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. १ जुलै २०२४ पासून तीही पाच लाखांची झाली, आणि तिच्यात आता पांढऱ्या शिधापत्रिकेचं कुटुंबही बसतं.

एक गोष्ट मान्य करतो. रुग्णालयात खाटा मोजक्याच असतात. ज्याची पॉलिसी भक्कम आहे त्याने योजनेची खाट अडवू नये, हे म्हणणं मला पटतं. तसं वाटतं त्यांनी त्या वेळी पॉलिसी वापरावी. कार्ड हातात असलं म्हणून ते वापरलंच पाहिजे असं नाही. पण पॉलिसी कुणाची, हेही पाहावं. कंपनीने मुलाच्या आई-वडिलांना दिलेलं संरक्षण मुलाच्या नोकरीबरोबर जातं. पंचाहत्तराव्या वर्षी नवी पॉलिसी घ्यायची तर हप्ता डोळे पांढरे करतो, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. कार्डावर जुना मधुमेह, जुना हृदयविकार पहिल्या दिवसापासून धरला जातो.

मला त्या पाच लाखांहून मोठी वाटते ती कार्डावरची नावाची ओळ. तिथे वडिलांचं नाव असतं. रुग्णालयांच्या व्हरांड्यात मी कितीतरी म्हातारी माणसं पाहिली आहेत, जी गुडघ्याचं, मोतीबिंदूचं, हर्नियाचं दुखणं ‘अजून चालतंय’ म्हणत वर्षानुवर्षं पुढे ढकलतात. चालत काही नसतं. मुलापुढे पैशाचा विषय काढवत नाही, एवढंच असतं. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने निर्वाहाच्या व्याख्येत औषधोपचारही धरले आहेत. म्हणजे मुलाने खर्च करणं हा उपकार नव्हे. तरीही जे मागावं लागतं ते मागताना माणूस लहान होतो. ज्याने उभं आयुष्य कुणापुढे हात पसरला नाही, त्याला शेवटी स्वतःच्या पोरासमोर तो पसरायला लावायचा का?

आणि शिबिराच्या त्या रविवारी वडिलांना कुणी विचारलंच नाही. शिबिरातली मुलगीसुद्धा मुलाकडे बघून ‘यांचं आधार आहे का?’ म्हणाली. ते तिथेच उभे होते, कान शाबूत होते, आधार त्यांच्या खिशात होतं. म्हाताऱ्या माणसाबद्दल त्याच्यादेखत दुसऱ्याशी बोलण्याची ही सवय दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे आहे आणि ती मला खुर्च्यांच्या अभावापेक्षाही असह्य होते.

कार्डाने सगळं भागत नाही, हेही खरं. रक्तदाबाच्या, साखरेच्या रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस एवढ्यापुरतीच औषधं मिळतात. म्हातारपणाचा खर्च तर महिन्याच्या महिन्याला औषधाच्या दुकानातच होतो. वयोश्री योजनेतून कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना चष्मा, काठी, श्रवणयंत्रासाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. त्यात बरं श्रवणयंत्र येत नाही. सरकारने फ्लेक्सवरच्या फोटोंचा खर्च इकडे वळवावा, हे माझं जुनं मागणं आहे.

राहता राहिला गरिबाचा वाटा. त्याची खरोखरच काळजी असेल तर धर्मादाय रुग्णालयांत जाऊन पाहावं. तिथे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, निर्धनाला तातडीच्या वेळी अनामत न मागता दाखल करून घ्यायचं, असं २००६ पासून ठरलेलं आहे. वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या आजीला हे कुणी आपणहून सांगत नाही. तिच्याबरोबर धर्मादाय विभागाच्या खिडकीपर्यंत जाणारं, तिचा उत्पन्नाचा दाखला दाखवून ‘यांना खाट द्या’ म्हणणारं माणूस लागतं. बाबांचं कार्ड काढायला अर्धा तास पुरतो; रविवारचा उरलेला दिवस त्यासाठी मोकळाच असतो.