सक्तीचे अक्षर

जे सत्य राजाज्ञेच्या धाकाने उच्चारले जाते, त्याला धर्माच्या दृष्टीने काही मोल आहे काय, हा प्रश्न खरे तर एखाद्या शास्त्रार्थाच्या बैठकीत सुचावा. परंतु माझ्या मनात तो प्रथम उभा राहिला तो नाशिकजवळच्या आडगावला, पासिंगसाठी सज्ज होत असलेल्या एका मालट्रकसमोर. कॅबिनच्या कपाळावर पेंटरने ‘सप्तशृंगी माता प्रसन्न’ ही ओळ तांबड्या रंगात, प्रत्येक अक्षराला पिवळी सावली देऊन, मोठ्या जिव्हाळ्याने रेखली होती. हौद्याच्या अंगावर मालकाचे नावगाव, रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे वजन हा मजकूर मात्र आरटीओच्या तपासणीपुरता, घाईघाईने उरकलेला दिसत होता. एक लेखन भक्तीने झालेले, दुसरे भयाने. आणि त्यांतले पहिलेच तेवढे धर्माचे, असे कोणालाही वाटावे, तसे मलाही पुष्कळ वर्षे वाटत आले. आज तसे वाटत नाही.

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अंमलात आला आणि त्याखालच्या केंद्रीय नियमांपैकी ५० व ५१ या दोन नियमांनी नंबरपाटीचा तपशील ठरवून दिला. भाड्याने माल वाहणाऱ्या गाडीची पाटी पिवळी, तीवरची अक्षरे काळी, लिपी रोमन, ट्रकसारख्या वाहनावर अक्षरांची उंची ६५ मिलिमीटर, जाडी १० मिलिमीटर आणि दोन अक्षरांमधले अंतरही १० मिलिमीटर. एमएच १५ म्हणजे नाशिक, एमएच ४१ म्हणजे मालेगाव. इतका बारकावा सरकारने कोणासाठी बाळगला असेल? मालकाला आपला ट्रक अंधारातही ओळखता येतो, आणि देवीला तर तिचे नाव वाचून दाखवावे लागत नाही. ही अक्षरे आहेत ती रस्त्याच्या कडेला कोसळलेल्या, मालकाशी काडीचाही संबंध नसलेल्या त्या इसमासाठी, ज्याच्या हाती निघून जाणाऱ्या गाडीचा दोन पळांत वाचता येईल एवढाच पुरावा उरतो. अनोळखी माणसाला उद्देशून लिहिलेले असे दुसरे लेखन आपल्या व्यवहारात क्वचितच आढळेल.

म्हणूनच २१४ या आकड्याची गोष्ट मला व्यथित करते. या तीन अंकांना थोडी वळणे दिली की ‘राम’ असे वाचता येते, ४१४१ चे ‘दादा’ होते, आणि महाराष्ट्रभर हौशी मंडळींनी अशा पाट्या मिरवल्या आहेत; ‘दादा’मागचा अहंकार सहज ओळखू येतो, पण ‘राम’मागची भावना पुष्कळदा खरीच असते, आणि काळारामाच्या पंचवटीत तर ती सहज समजण्यासारखी आहे. तरीही विचारावेसे वाटते की, ज्या नामाची थोरवी वारकरी परंपरेने घरोघरी पोहोचवली आणि ज्या परंपरेतील निवृत्तिनाथ येथून जवळच त्र्यंबकेश्वरी समाधिस्थ आहेत, ते नाम स्मरणासाठी आहे की संख्या झाकण्यासाठी? ज्याला धडक बसली, त्याच्या दृष्टीपुढून ‘राम’ निघून जातो आणि हाती काहीच लागत नाही. येथे नाम घेतल्याने एका माणसाचा न्याय मागण्याचा हक्क हिरावला गेला. भक्तीचा हा प्रकार मला कितीही प्रयत्न केला तरी मान्य करता येत नाही. आता उठावदार अक्षरांच्या सुरक्षित पाट्यांनी ती मुभा बहुतांशी बंद झाली, हे मी नामाच्या सन्मानाचेच कार्य समजतो.

यावर एक गंभीर आक्षेप निघतो. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने दोन आसांच्या ट्रकची एकूण वजनाची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेली. आदल्या दिवशी जो भार अपराध ठरत होता, तो एका अधिसूचनेने निर्दोष झाला. मग हौद्यावर लिहिलेला आकडा सत्य कसा म्हणावा, तो तर दरबारी संकेत! आक्षेप खरा आहे, पण अद्वैत्यांनी सत्तेचे जे भेद केले ते येथे उपयोगी पडतात. वजनाचा आकडा पारमार्थिक नाही, कोणी तसा दावाही केलेला नाही. तो व्यावहारिक आहे, आणि व्यवहारात उभे असेतो व्यावहारिक सत्य मोडण्याचा अधिकार ज्ञान्यालाही पोचत नाही. लासलगावचा कांदा मर्यादेबाहेर भरून कसारा घाट उतरणाऱ्या ट्रकचे ब्रेक तापतात, तेव्हा ‘हे सारे मिथ्या’ या वचनाने ते निवत नाहीत. शिवाय कपाळावर देवीला साक्ष ठेवून खाली खोटे वजन वागवणे म्हणजे शपथेवर खोटे बोलणेच होय. कपाळावर काहीच न लिहिणारा मनुष्य निदान एवढ्या दोषातून तरी मुक्त असतो.

अक्षरांनी अनोळखी माणसाला सांगावे, चिथवू नये, हेही त्याच धर्माचे अंग होय. ३० एप्रिल २०१५ रोजी राज्याच्या परिवहन आयुक्तांनी व्यावसायिक वाहनांवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास मनाई केली, तेव्हा पुष्कळांना एक जुनी लोककला गेल्याची हळहळ वाटली. कला गेली हे खरे. पण ते तीन शब्द मागून येणाऱ्याला कर्णा वाजवण्याचे आमंत्रण देत होते, आणि त्या गोंगाटाचा भार रस्त्याकाठी राहणाऱ्या रुग्णांनी व मुलांनी सोसायचा होता. त्या हुकमाची बाजू मी निःसंकोचपणे घेतो.

मूळ प्रश्न तरीही उरतो: सक्तीने लिहिलेल्या सत्याचे पुण्य लिहिणाऱ्याच्या पदरी पडते काय? कदाचित पडत नसेल. परंतु धर्म म्हणजे प्रत्येकाच्या पुण्याची स्वतंत्र वही, एवढाच अर्थ आपण कधीपासून धरला? जे धारण करते ते धर्म, ही व्युत्पत्ती मनावर घेतली, तर लिहिणाऱ्याच्या अंतःकरणाइतकाच वाचणाऱ्याचा जीवही हिशेबात येतो.

मनमाडजवळ पानेवाडीला इंधनाचे डेपो आहेत आणि तेथून टँकरांची रांग दिवसभर बाहेर पडत असते. धोक्याचा माल नेणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दोन्ही अंगांना आणि पाठीमागे, अशा तीन ठिकाणी, आणीबाणीच्या माहितीचा फलक असावा असे १३४ वा नियम सांगतो. पदार्थाचे नाव, त्याचा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला क्रमांक, अग्निशामक दल किंवा पोलिसांचा दूरध्वनी, आणि ज्वाळेची खूण असलेला चौकोन. पेट्रोलचा क्रमांक १२०३, आणि तो मनमाडला जो आहे तोच रॉटरडॅमलाही आहे. धुरात शिरणारा जवान तो आकडा वाचतो आणि पाणी मारायचे की फेस, हे त्यावरून ठरवतो. रंगवणाऱ्याने तो प्रेमाने रंगवला की दंडाच्या भीतीने, हे त्याला दिसत नाही. परवा असा एक टँकर माझ्यासमोरून नांदगावच्या दिशेने वळला. फलक नुकताच पुसलेला असावा, कारण धुळीचा लोट उठूनही तो आकडा मला बराच लांबपर्यंत वाचता येत होता.