सोपाऱ्याच्या मातीत हेडसेटचा विचार

व्हीआर हेडसेट घ्यावा की घेऊ नये, हा प्रश्न माझ्यापुरता पैशांचा नाही. थोडे साठवले आहेत. दिवाळीचा बोनस त्यात घातला तर क्वेस्ट ३ येईल. मला छळतो तो वेगळाच प्रश्न. जे समोर नाहीच, ते डोळ्यांपुढे उभं करणाऱ्या यंत्रात माणसानं रमावं का? आणि रमायचं तर कोणत्या अटीवर?

आईचं उत्तर तयार असतं. ती म्हणते, "सगळी मायाच आहे रे. त्यात आणखी पैसे मोजून माया कशाला विकत आणतोस?" आईचं बोलणं मी हसण्यावारी नेत नाही. पण विरारला ग्लोबल सिटीत मित्राच्या घरी हेडसेट घालून 'बीट सेबर' खेळलो, तेव्हा मला हे पटेनासं झालं. दोन्ही हातांत प्रकाशाच्या तलवारी असतात आणि गाण्याच्या ठेक्यावर अंगावर येणारे ठोकळे कापायचे असतात. ठोकळे नव्हतेच, पण दंड भरून आले आणि सदरा घामानं भिजला. वेदान्ताच्या दृष्टांतातला दोरीवर भासलेला साप खोटा असला तरी त्याला पाहून सुटलेला घाम खोटा नसतो. अद्वैत वेदान्तानं प्रातिभासिक, व्यावहारिक आणि पारमार्थिक अशा सत्तेच्या तीन पातळ्या मानल्या. ठोकळे पहिल्या पातळीवरचे, माझी विरार लोकल आणि नोकरी दुसऱ्या पातळीवरची. मायेचं कारण देऊन हेडसेट नाकारला, तर त्याच न्यायानं नोकरीही नाकारावी लागेल. शिवाय हेडसेट घातलेल्याला आपण चित्र पाहतोय हे पक्कं ठाऊक असतं; दोरीला साप समजणाऱ्याला ते ठाऊक नसतं. म्हणजे 'खोटं आहे' एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही.

उत्तराची एक वाट मला घराजवळच सापडली. मी नालासोपारा पश्चिमेला राहतो. जुनं सोपारा गाव, म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर, इथून पायी जाण्याजोगं आहे. तिथल्या स्तूपाच्या टेकाडाला लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते उकरलं, तेव्हा आत दगडी पेटी सापडली. तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक होते आणि सगळ्यांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेले. परंपरेनं हे ठिकाण पूर्ण नावाच्या भिक्षूशी जोडलं आहे. तो इथलाच व्यापारी, समुद्रावर जाणारा. पुढे भिक्षू झाला आणि धर्म सांगायला आपल्याच प्रदेशात परतला.

निघण्यापूर्वी त्यानं बुद्धाकडे थोडक्यात उपदेश मागितला. मज्झिम निकाय या बौद्ध ग्रंथातल्या पुण्णोवाद सुत्तात तो आहे, आणि त्याची सुरुवात डोळ्यांपासून होते. डोळ्यांना सुखावणारी, हवीहवीशी वाटणारी रूपं असतात. माणूस त्यांचं स्वागत करतो, त्यांना धरून बसतो, त्यांत रमतो आणि त्या रमण्यातून दुःख उपजतं. पुढे हेच कान, नाक, जीभ, शरीर आणि मनाबद्दल. रूप खरं की खोटं, याची चौकशी बुद्ध इथे करत नाही आणि डोळे मिटायलाही सांगत नाही. दोष धरून बसण्यात आहे. मग तो विचारतो, तिकडचे लोक तापट आहेत, शिव्या देतील, दगड मारतील, जीवही घेतील, तेव्हा काय करशील? पूर्ण प्रत्येक वेळी शांतपणे उत्तर देतो. सुत्ताचे हे दोन भाग मला एकमेकांत गुंतलेले दिसतात. जो गोडाला धरून बसत नाही, त्याला कडूही जखडून ठेवू शकत नाही.

धरून बसण्याची ही कसोटी मी स्वतःला लावली. बोरिवली सुटल्यावर गर्दीत मान वाकडी करून मी हेडसेटचेच व्हिडिओ बघतो. बायको मुलीच्या शाळेबद्दल सांगत असते आणि माझ्या मनात दोन मॉडेलांच्या भिंगांची तुलना चालू असते. यंत्र अजून दुकानात आहे आणि त्याची पकड आधीच घरात शिरली आहे.

दुसरी कसोटीही इथलीच. याच सोपाऱ्यात, त्याच १८८२ साली, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. करमणूक हाच त्या लेखाचा विषय आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात, शिकार आणि तसलीच मौज करत. अशोकानं त्यांच्या जागी धर्मयात्रा सुरू केल्या. त्यांत श्रमण-ब्राह्मणांचं दर्शन आणि त्यांना दान, वृद्धांची भेट, गावोगावच्या लोकांची भेट आणि धर्मचर्चा. यात आनंद अधिक आहे, असं तो सांगतो. आनंदावर त्यानं बंदी घातली नाही; आनंदाचं तोंड माणसांकडे वळवलं.

या लेखाच्या उजेडात मी आमचा हॉल पाहतो. उभं राहून मोकळेपणानं खेळायला साधारण २ मीटर लांब-रुंद जागा लागते. यंत्र जमिनीवर सीमारेषा आखून घेतं आणि आत कुणी येऊ नये अशी अपेक्षा असते. आमच्याकडे तेवढी जागा हवी तर आईचा दिवाण भिंतीला सरकवायचा, मुलीनं दप्तर उचलून आत जायचं आणि आईनं व बायकोनं स्वयंपाकघरात बसायचं. माझ्या खेळासाठी घरातल्या तिघींनी हटायचं, हे मला मान्य नाही. मित्राच्या घरी मात्र वेगळं चित्र होतं. खेळणाऱ्याला दिसतं ते टीव्हीवर सगळ्यांना दिसत होतं, मुलं आपल्या पाळीसाठी भांडत होती, आजोबा गुण मोजत होते. यंत्र तसंच, पण तिथे त्यानं माणसं जमवली होती.

म्हणून या दिवाळीला मी हेडसेट घेणार नाही. तो खोटं दाखवतो म्हणून नव्हे. त्यातला आनंद मला चांगला वाटतो आणि तो पाप आहे असं मी मानत नाही. घेणार नाही, कारण आज तो आला तर मी त्याला धरून बसेन आणि घरच्यांना सरकवेन. लोकलमध्ये त्याचे व्हिडिओ न बघता घरी येऊ लागलो आणि मुलगी म्हणाली, "बाबा, आपण दोघं खेळू," तर तो विकत घ्यायला माझी हरकत राहणार नाही. तोवर पैसे बँकेत राहू देत. सोडवायची आहे ती माझी पकड, आणि तिला बोनस लागत नाही.