अर्धं खरं

माणसाने बायकोला कितपत खरं सांगावं, हा प्रश्न मला लेथ मशीन घेईपर्यंत पडला नव्हता.

"केवढ्याला पडलं?" हिने विचारलं. मी आकडा सांगितला. खोटा नव्हता हो. नुसत्या यंत्राचा होता! थ्री-जॉ चक त्यातच आला. पण वेडावाकडा तुकडा धरायला फोर-जॉ लागतो, तो वेगळा. ड्रिलसाठी टेलस्टॉकचा चक वेगळा. मग टूलला धार लावायला ग्राइंडर, मापाला मायक्रोमीटर, डायल गेज. नवशिक्याने जेवढे यंत्राला, तेवढेच वरच्या सरंजामाला बाजूला ठेवावेत. लग्नासारखंच, पण हे मी घरात बोललो नाही.

आंबा घाट चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात दोनदा 'कामानिमित्त' जाऊन आलो. तेलाचा डबा तेवढा उजळ माथ्याने घरात आणला. लांज्याच्या पावसात उघडं लोखंड तांबूस व्हायला वेळ लागत नाही.

न विचारलेलं न सांगणं हे खोटं का? 'नरो वा कुंजरो वा' म्हणताच धर्मराजाचा चार बोटं वर चालणारा रथ जमिनीला टेकला. माझी मोटारसायकल पहिल्यापासूनच जमिनीवर, एवढाच काय तो दिलासा. शतांश मिलिमीटरची चूक मला खपत नाही. इथे मात्र भलतीच सूट घेतली होती.

पहिली वस्तू हिच्यासाठी पितळेचा करंडा केला. हिने तो देवापाशी ठेवून पाहिला. "छान आहे. झाकण जरा सैल बसतंय."

"बघू," म्हणून मी खिशातून मायक्रोमीटर काढला.

"हा कधी आणलात?"