चेहऱ्याची गीबत

आमच्या शाळेतले घंटीवाले चाचा निवृत्त झाले, तेव्हा निरोप समारंभाच्या फ्लेक्सचे काम आमच्याकडे आले. उर्दू माध्यमाच्या शाळेत ज्या शिक्षकाला संगणक थोडाफार येतो, त्याच्याकडे निकालपत्रकापासून निमंत्रणपत्रिकेपर्यंत सगळेच येते. चाचांनी तीस वर्षांहून अधिक काळ शाळेची घंटा दिली, पाण्याची टाकी भरली, हरवलेल्या टोप्या आणि डबे जपून ठेवले. आम्ही त्यांना घंटेखाली उभे केले आणि फोटो काढला. सकाळची वेळ होती, उजेड मऊ होता. चाचा रोज जसे दिसतात तसेच त्या फोटोत दिसत होते. आणि नेमके तेच आम्हाला कमी वाटले.

इतक्या वर्षांची मेहनत चेहऱ्यावर दिसली पाहिजे, असे आमच्या मनाने घेतले. आम्ही फोटोशॉप उघडले.

ही कला अवघड नाही, हे आधी सांगितले पाहिजे. पडद्यावरच्या कृष्णधवल चित्रात प्रत्येक बिंदूला शून्य ते २५५ यांपैकी एक अंक असतो. शून्य म्हणजे गडद काळा, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. माणसाचा चेहरा बहुतेक या दोन टोकांच्या मध्ये, करड्या छटांत असतो. ‘कर्व्ह’ नावाची एक तिरपी रेषा असते. ती एस या इंग्रजी अक्षरासारखी वाकवली की करडे बिंदू दोन्ही टोकांकडे ढकलले जातात. मग त्याच चित्राची एक प्रत वर ठेवायची, ‘हाय पास’ने तिच्यातल्या कडा तेवढ्या वेगळ्या काढायच्या आणि ‘ओव्हरले’ने खालच्या चित्रात मिसळायच्या. कातडीची रेघ न् रेघ उठून येते. नंतर ‘बर्न’ने सुरकुत्यांच्या खाचा काळ्या करायच्या, ‘डॉज’ने त्यांचे काठ उजळायचे, रंग बराचसा काढून टाकायचा आणि कोपरे अंधारात बुडवायचे. पोलंडचे अंजेई द्रागान हे पेशाने भौतिकशास्त्रज्ञ. पण त्यांनी काढलेल्या अशा कोरीव, काळोख्या चेहऱ्यांमुळे ही शैली हौशी छायाचित्रकारांत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आता तर मोबाइलवर एका बोटाने असे चित्र तयार होते. आमचा मात्र त्यात एक रविवार गेला.

फ्लेक्स लागला. सहकाऱ्यांनी पाठ थोपटली. कुणी म्हणाले, हा फोटो स्पर्धेला पाठवा. चाची समारंभाला आल्या होत्या. त्या फ्लेक्ससमोर थांबल्या आणि आम्हाला हळूच विचारले, “सर, त्या दिवशी यांना ताप होता का?” चाचा काही बोलले नाहीत. हार-तुरे झाले, चहा झाला, आणि निघताना ते आमच्याजवळ येऊन म्हणाले, “फोटो छान आहे सर. पण अल्लाचा करम आहे, आपले दिवस इतके काही वाईट गेले नाहीत.”

त्या वाक्याने आम्हाला पुष्कळ दिवस झोपू दिले नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. झोप लागत होती. पण संगणक उघडला की ते वाक्य आठवत होते.

आम्ही स्वतःची बाजू मांडून पाहिली. पहिली गोष्ट, आम्ही एकही सुरकुती नवी काढली नव्हती; ज्या होत्या त्याच गडद केल्या होत्या. दुसरी गोष्ट, फोटो कधी जसाच्या तसा असतो? जग रंगीत असताना कृष्णधवल फोटोला आपण शंभर वर्षे खरा मानत आलो. ‘डॉज’ आणि ‘बर्न’ हे शब्दही संगणकाचे नाहीत, ते अंधाऱ्या खोलीतले आहेत. तिथे दिव्याच्या आणि कागदाच्या मध्ये हात धरून चेहऱ्याचा एखादा भाग उजळ ठेवत, नाहीतर जास्त उजेड देऊन तो काळा करत. फोटोशॉप १९९० साली बाजारात आले. हाताची ही चलाखी त्याच्या कितीतरी आधीची आहे. तेव्हा दोष हत्याराचा नाही, हे आम्हाला पटले. पण दोष हत्याराचा नाही म्हणून तो कुणाचाच नाही, असे होत नाही.

जून १९९४ मधली गोष्ट आहे. अमेरिकेतला प्रसिद्ध खेळाडू ओ. जे. सिम्पसन याला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. पोलिसांनी काढलेला त्याचा एकच फोटो ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांनी २७ जूनच्या अंकाच्या मुखपृष्ठावर छापला. न्यूजवीकने तो होता तसा छापला. टाइमने तो एका चित्रकाराकडून काळवंडून घेतला; चेहरा अधिक काळा, दाढीचे खुंट अधिक दाट. दोन्ही अंक दुकानांत शेजारीशेजारी लागले आणि लोकांना फरक दिसला. ओरड झाली, संपादकांना वाचकांपुढे खुलासा करावा लागला. लक्षात घ्या, तोवर खटला उभाही राहिला नव्हता. १९९५ साली ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. निकाल बरोबर की चूक, हा वाद वेगळा; पण त्याच्या कातडीचा निकाल मुखपृष्ठावर आधीच लागून गेला होता. तिथेही नवी रेघ कुणी काढली नव्हती. फक्त करडे होते ते काळे केले होते.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे, कारण तिथे नियत चांगली होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये गाझा शहरात स्वीडनचे छायाचित्रकार पॉल हॅन्सन यांनी एका अरुंद गल्लीत फोटो टिपला. हवाई हल्ल्यात गेलेल्या दोन लहान मुलांचे कफनातले देह हातांवर घेऊन पुरुष चालले आहेत. या फोटोला त्या वर्षीचे ‘वर्ल्ड प्रेस फोटो’चे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्यातला उजेड मात्र सिनेमातल्यासारखा होता. मे २०१३ मध्ये तो बनावट असल्याचा आरोप झाला. आयोजकांनी तज्ज्ञांकडून मूळ फाइल तपासून घेतली. निष्कर्ष निघाला की रंगात आणि उजेड-सावलीत फेरफार आहे, पण फोटो खरा आहे. त्यात बाहेरचे काही जोडलेले नाही. छायाचित्रकार सुटले. पण ज्या घरातली दोन मुले गेली, त्या घराच्या दुःखावर बोलायच्या वेळी लोक गालांवरच्या उजेडावर बोलत बसले. खऱ्या दुःखाला आपण चकाकी दिली, की शंका घेणाऱ्याच्या हाती आपणच दोरी देतो.

मग आमच्या फोटोचे माप कशाने घ्यायचे? शोधता शोधता आम्ही लहानपणी घरात शिकलेल्या एका जुन्या भेदापाशी आलो. गीबत आणि बोहतान. एखाद्यात नसलेले वाईट त्याच्या नावावर खपवणे म्हणजे बोहतान. आणि असलेलेच, पण त्याला आवडणार नाही असे, त्याच्या पाठीमागे सांगणे म्हणजे गीबत. लहानपणी आम्हाला नेहमी प्रश्न पडे की खरे सांगण्यात गुन्हा कसला? चाचांच्या फोटोने उत्तर दिले. सुरकुत्या खऱ्याच होत्या. पण चाचा तिथे नसताना, त्यांना न विचारता, आम्ही त्या चारचौघांत मोठ्या आवाजात सांगितल्या होत्या. आणि त्या सांगताना चेहऱ्यावरचे बाकी सगळे गाळले होते. हसू करड्या छटांत असते. समाधानही तिथेच असते. आम्ही नेमकी तीच जागा रिकामी केली होती.

हाच हिशोब उलट बाजूनेही लागतो. स्थळासाठी पाठवायच्या फोटोत मुलीचा रंग दोन छटा उजळ करून देणारे स्टुडिओ आपल्या गावोगाव आहेत. ते गोड बोहतान आहे. मुलीला त्यातून एवढेच कळते की तिचा स्वतःचा रंग दाखवण्यासारखा नाही.

कुणी म्हणेल, मग ठसठशीत चेहरे काढायचेच नाहीत का? काढावेत. यूसुफ कार्श यांनी ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावात चर्चिल यांचा फोटो काढला. आधी त्यांच्या तोंडातला सिगार काढून घेतला, म्हणून तो चेहरा तसा चिडका आला, असे सांगतात. गडद पार्श्वभूमीवरचा तो चेहरा जगभर गेला. पण चर्चिल समोर होते. त्यांना उठून जाता आले असते, ओरडता आले असते, आपली बाजू सांगायला त्यांच्याकडे संसद होती, वर्तमानपत्रे होती. चाचांकडे काय होते? एक वाक्य होते, तेही त्यांनी निघताना, आमचा मान राखून म्हटले. ज्याला उत्तर देता येते त्याच्या चेहऱ्यावर काळे-पांढरे खेळावे. ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्या चेहऱ्याला हात लावण्यापूर्वी विचारावे. गरीब माणसाच्या सुरकुत्या काही आमच्या स्पर्धेसाठी पडलेल्या नसतात.

पुढच्या आठवड्यात पेन्शनच्या कागदांसाठी चाचा शाळेत आले. आम्ही त्यांना संगणकाच्या खोलीत शेजारी बसवले आणि मूळ फोटो उघडला. पट्टी हळूहळू सरकवत गेलो आणि म्हटले, “चाचा, जिथे थांबायचे तिथे सांगा.” आम्हाला वाटले होते, ते पहिल्याच जागी थांबवतील. तसे झाले नाही. त्यांनी थोडे पुढे जाऊ दिले. कपाळावरच्या रेघा उमटल्या, दाढीतला पांढरा केस दिसू लागला. मग ते म्हणाले, “बस.” तो बिंदू मूळ फोटोचाही नव्हता आणि आमच्या फ्लेक्सचाही नव्हता. तो आम्हाला एकट्याला सापडला नसता.

तो फोटो चाचांच्या घरी भिंतीवर आहे. फ्लेक्सही त्यांच्याकडेच आहे. पावसाळ्यात आम्ही गेलो, तेव्हा तो अंगणातल्या लाकडांवर टाकलेला होता, छापलेली बाजू खाली करून. आम्ही काही विचारले नाही. चाचांनी पाट पुढे केला, चाचींनी चहा आणला. बाहेर पाऊस पडत होता आणि लाकडे कोरडी होती.