वडवानल आणि विवेक

समुद्राच्या पोटात अग्नी वसतो, ही कल्पना भारतीय मनाला नवी नाही. महाभारताच्या आदिपर्वात और्व ऋषीची कथा येते. भृगुकुलाच्या संहाराने संतप्त झालेला और्व साऱ्या लोकांचा नाश करावयास उद्युक्त होतो. पितर त्याला आवरतात, आणि तो आपला क्रोधाग्नी सागरात सोडतो. तोच वडवानल. ही कथा म्हणजे भूगर्भशास्त्र नव्हे. परंतु तिने विचारलेला नैतिक प्रश्न पृथ्वीच्या इतिहासातही उभा राहतो.

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. तिच्या तप्त अंतरंगातून बाहेर पडलेली वाफ निवली, पाऊस होऊन कोसळली, आणि आदिम सागरांच्या जलाचा मोठा वाटा त्यातून आला, असे मानले जाते. त्या काळी सूर्याचे तेज आजच्या सुमारे ७० टक्केच होते. तरीही सागर गोठले नाहीत, याचे श्रेय शास्त्रज्ञ बव्हंशी ज्वालामुखींनी सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या उबेला देतात. ग्रीनलंडमधील इसुआ येथे उशांसारखे फुगीर लाव्हाखडक आढळतात. लाव्हा पाण्याखाली निवला तरच त्याला असा आकार येतो. आणि या खडकांचे वय ३७० कोटी वर्षांच्या आसपास आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा प्रदेशात सूक्ष्मजीवांच्या सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीच्या खुणा सापडल्या, त्याही ज्वालामुखीच्या सान्निध्यातच. पुढे १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ, सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर, उष्ण झऱ्यांभोवती सूर्यप्रकाशाविना जगणारी जीवसृष्टी दिसली. जीवनाचा उगम अशाच एखाद्या ठिकाणी झाला असावा, या तर्काला तेव्हापासून बळ आले.

पण दात्याचे हात तेच संहारकाचेही. सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी सायबेरियात लाव्हारसाचे प्रचंड उद्रेक झाले. वर येणाऱ्या शिलारसाने भूगर्भातील कोळशाचे थर जाळले. हवेत कार्बन साचला, सागर तापले, त्यांची आम्लता वाढली, प्राणवायू घटला. आणि सागरी प्रजातींपैकी ८० टक्क्यांहून अधिक नामशेष झाल्या.

मग या अग्नीला वंद्य मानावे की निंद्य? खरे तर दोन्ही शब्द त्याला लागू पडत नाहीत. हेतू नाही तेथे पुण्य नाही आणि पापही नाही. परंतु याच निष्कर्षाचा आधार घेऊन एक युक्तिवाद केला जातो: पृथ्वीने याहून भीषण उत्पात पाहिले, तरी जीवन पुन्हा फुलले; मग माणसाच्या धुराचा एवढा बाऊ कशाला?

या युक्तिवादात दोन दोष आहेत. जीवन पुन्हा फुलले, पण त्याला लक्षावधी वर्षे लागली. जे मेले त्यांना त्याचा काय दिलासा? दुसरा दोष अधिक मूलगामी आहे. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दशलक्ष भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. २०२४ साली ते ४२० च्या वर गेले. सायबेरियात शिलारसाने जे केले, तेच, कोळसा जाळण्याचे, काम माणूस करीत आहे. फरक एवढाच, की शिलारसाला परिणाम ठाऊक नव्हता. माणसाला तो ठाऊक आहे. निसर्गाचे उदाहरण अजाणत्याला क्षमा मिळवून देईल, जाणत्याला नाही.

तरीही ऋण उरतेच. ज्याने दिले त्याला देण्याची जाणीव नव्हती, म्हणून घेणारा ऋणमुक्त होत नाही. येथे परंपरेतील पितृऋणाची कल्पना उपयोगी पडते: ते पितरांना परत करून फिटत नाही, पुढच्या पिढीच्या हाती देऊनच फिटते. अग्नीने अजाणता दिलेले सागर आणि जीवन यांचे ऋणही अशाच प्रकारचे आहे. त्याला धनको नाही. वारस मात्र आहेत.

और्वाजवळ क्रोध होता, सामर्थ्य होते, आणि सांगितलेले ऐकण्याइतका विवेकही होता. शिवाय अग्नी सोडावयास त्याच्यापुढे सागर होता. आज ती सोय उरलेली नाही. पृथ्वीवर साठलेल्या अतिरिक्त उष्णतेपैकी ९० टक्क्यांच्या आसपास भाग सागरांनी आधीच पोटात घेतला आहे. आता अग्नी पेटविण्यापूर्वीच हात आवरावा लागेल.