ओरिजिनल, डुप्लिकेट आणि बाहेरचा

गाडीचा एखादा भाग घ्यायला पुण्याच्या नाना पेठेत गेलात तर काउंटरवरचा प्रश्न ठरलेला असतो: ओरिजिनल देऊ की डुप्लिकेट? तिसरा पर्याय नाही. कंपनीच्या डब्यातून आला तो खरा, बाकीचे सगळे खोटे.

इथे जपानात मात्र हे वर्गीकरण जरा निराळं आहे. गाडीच्या कंपनीने दिलेला भाग 'जुनसेई', म्हणजे अस्सल. दुसऱ्या कुणी बनवलेला भाग 'शागाइहिन'. त्याचा शब्दशः अर्थ 'कंपनीबाहेरची वस्तू' एवढाच. नकली मालाला 'निसेमोनो' हा अगदी वेगळा शब्द आहे. बाहेरचं असणं हा गुन्हा नाही. दुसऱ्याचं नाव लावून फसवणं हा गुन्हा. आपल्या 'डुप्लिकेट'मध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र कोंबल्या जातात.

जुन्या मोटरसायकलचं इंजिन खोललं की हा फरक जिवाशी येतो. कावासाकीची १९७२ सालची झेड-वन घ्या. ९०३ सीसी, चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६६ मिलिमीटर. इतक्या वर्षांत सिलिंडर झिजतो, तो रिबोर करावा लागतो आणि मग किंचित मोठा, ओव्हरसाइज पिस्टन लागतो. अशा जुन्या गाड्यांचे मूळ पिस्टन हळूहळू मिळेनासे होतात. मग बाहेरचा पिस्टन घालायचा, नाहीतर गाडी शोभेची वस्तू म्हणून उभी करायची. पण चालत्या गाडीत पिस्टन जाम झाला तर मागचं चाक अडकून माणूस फेकला जाऊ शकतो. जपानात २५० सीसीवरच्या मोटरसायकलींची ठरावीक काळाने 'शाकेन' नावाची सक्तीची तपासणी होते. त्यात ब्रेक, दिवे, धूर बघतात. इंजिन उघडून पिस्टन कुणी बघत नाही. तिथे सरकारचा शिक्का कामाचा नाही. मग विश्वास ठेवायचा कशावर?

कंपनीच्या नावावर, असं सोपं उत्तर आहे. पण होंडाच्या कितीतरी इंजिनांतले 'अस्सल' पिस्टन नागानो प्रांतातल्या उएदा शहराच्या आर्ट मेटल या वेगळ्याच कंपनीने बनवलेले असतात. म्हणजे अस्सलही एका अर्थी बाहेरचाच. मग होंडाचं नाव त्यात काय भर घालतं? माल तपासून नाकारण्याचा अधिकार, आणि स्वीकारल्यावर त्याची जबाबदारी.

नाकारलं जाणं म्हणजे काय हे खुद्द सोइचिरो होंडांना चांगलं ठाऊक होतं. मोटरसायकल बनवण्याआधी, १९३० च्या दशकाच्या अखेरीस, ते पिस्टनच्या रिंगा बनवत. टोयोटाकडे तपासणीला दिलेल्या ५० रिंगांपैकी फक्त ३ पास झाल्या. हामामात्सूच्या तंत्रशाळेत जाऊन धातुशास्त्र ते त्याआधीच शिकले होते; या नकारानंतर त्यांनी आणखी अभ्यास केला आणि रिंगा सुधारल्या. उद्याचा सर्वांत मोठा 'अस्सल' त्या दिवशी कुठल्याशा कारखान्याचा बाहेरचा माल होता. त्याला विश्वासार्ह केलं ते कुणीतरी मोजून 'नाही' म्हटल्याने.

म्हणून मला वाटतं, विश्वास हा वस्तूचा गुण नाही, ते एक काम आहे, आणि ते कुणीतरी करावं लागतं. कंपनीच्या डब्यामागे ते आधीच झालेलं असतं; बाहेरच्या पिस्टनच्या बाबतीत त्यातला मोठा वाटा मेकॅनिकवर येतो. बाहेरचे बरेच पिस्टन ओतीव नसून फोर्ज्ड, म्हणजे दाबाखाली घडवलेले असतात. त्यातल्या काहींच्या मिश्रधातूत सिलिकॉन अगदी कमी असतं. असा पिस्टन चिवट असतो, पण तापल्यावर जास्त फुगतो. म्हणून सिलिंडर आणि पिस्टन यांच्यात जास्त फट सोडावी लागते. हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांतला. मेकॅनिकने जुन्या मॅन्युअलमधलीच फट ठेवली आणि इंजिन जाम झालं, की लोक म्हणतात, 'बघा, बाहेरचा माल!' प्रत्यक्षात पिस्टन बनवणाऱ्याने योग्य माप कागदावर छापून दिलेलं असतं. ते कुणी वाचलेलंच नसतं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. मायक्रोमीटरने व्यास कळतो, पण धातूच्या आतली पोकळी किंवा चुकलेलं तापसंस्करण कळत नाही. खरं आहे, सगळंच मोजता येत नाही. जे मोजता येत नाही तिथे 'उत्तर कोण देणार' हे विचारावं. ज्याने डब्यावर स्वतःचं नाव घातलं, फट किती हवी ते छापलं, तक्रार कुठे करायची ते सांगितलं, तो बाहेरचा असूनही उत्तरदायी आहे. दुसऱ्याचं नाव लावणारा मात्र नेमकं हेच टाळतो. त्याचा पिस्टन योगायोगाने चांगला निघाला तरी तो खोटाच, कारण बिघडला तर तो सापडणार नाही.

'शागाइहिन'मधला 'गाइ' आणि परदेशी माणसासाठीच्या 'गाइजिन'मधला 'गाइ' हे एकच अक्षर आहे: बाहेर. वर्षावर्षाच्या करारावर संशोधन करणाऱ्या माझ्यासारख्याला ते रोज भेटतं. 'आम्हाला आपलं म्हणा' अशी मागणी आपण परदेशस्थ अनेकदा करतो. मला त्याहून साधी मागणी जास्त न्याय्य वाटते: आम्हाला मोजा, आमचं माप आम्हालाच विचारा, आणि चुकलो तर जाब विचारा. घरी मदतनीस ठेवताना, भाडेकरू निवडताना, दुसऱ्या गावचा उमेदवार तपासताना हीच वागणूक आपण कुणाला देतो का, हेही मग स्वतःला विचारायला हवं.